मार्विन की ग्लॅडिस? गाड्यावरचा वाद आणि त्याचा निकाल

प्रश्न : सर, ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन’ हे सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा एक प्रकार) गाणं मी पहिल्यापासून मार्विन गेच्याच आवाजात ऐकत आलोय. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो ते मूळचं ग्लॅडिस नाईटचं, मार्विननं नुसतं कव्हर मारलंय, म्हणजे तिचंच पुन्हा गायलंय. विश्रामबागला चहाच्या गाड्यावर यावरून रोज जुंपते. ओरिजिनल कुठलं ते एकदा सांगून टाका.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा मित्र तारखेत बरोबर आहे, बाकी सगळ्यात चुकलाय. दुकानात आधी आली ती ग्लॅडिस नाईट अँड द पिप्सची रेकॉर्ड, सप्टेंबर १९६७ ला, आणि मार्विनचं सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड) आलं ऑक्टोबर १९६८ ला. पण मार्विननं ते ग्लॅडिसच्या आधीच, १९६७ च्या सुरुवातीला गाऊन ठेवलं होतं, फक्त मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे मालक बेरी गॉर्डी सिंगल काढायला तयार होईनात म्हणून ते पडून राहिलं. आणि या दोघांच्याही आधी १९६६ मध्ये स्मोकी रॉबिन्सनच्या मिरॅकल्स ग्रुपनं रेकॉर्ड केलं होतं, ते तर १९६८ च्या अल्बममध्ये बाहेर पडलं. गाणं लिहिलं नॉर्मन व्हिटफिल्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी, रेकॉर्डिंगला तिन्ही वेळा व्हिटफिल्ड हजर, डेट्रॉइटचा स्टुडिओ तोच, वादक मंडळीही मोटाउनची नेहमीची, फंक ब्रदर्सच. आता यात कव्हर कुणी कुणाचं केलं?

सांगलीकरांना खरं तर हे समजवायला लागू नये. देवलांच्या ‘शारदा’तलं एकच पद एक गायक ठेक्यावर खेळवत नेतो आणि दुसरा तेच असं आळवतो की डोळ्यात पाणी येतं, तिथं आपण ओरिजिनल कुठलं म्हणून भांडत बसत नाही.

त्यापेक्षा दोन्ही पाठोपाठ ऐका. गोष्ट एवढीच आहे की आपलं माणूस आपल्याला सोडून जुन्या प्रेमाकडे चाललंय आणि हे आपल्याला भलत्याच लोकांकडून कळलंय. ग्लॅडिसचं गाणं पळतं, पियानो आणि खंजिरी चर्चमधल्या गॉस्पेलसारखे वाजतात. तेव्हा अरेथा फ्रँकलिनच्या ‘रिस्पेक्ट’नं धुमाकूळ घातला होता आणि व्हिटफिल्डला त्याच्यावर कडी करायची होती, ते ऐकताना कळतंच. ही बाई रडत नाहीये, जाब विचारतेय! आणि मागचे पिप्स कोण, तर तिचा सख्खा भाऊ आणि दोन नात्यातले भाऊ, म्हणजे घरची माणसं पाठीशी उभी करूनच भांडायला आलीय बघा.

मार्विनचं एकदम उलटं. लय कमी केलीय, सुरुवातीला इलेक्ट्रिक पियानो दबकत येतो, मग व्हायोलिनं, आणि व्हिटफिल्डनं मुद्दाम त्याला सोयीच्या पट्टीपेक्षा वर गायला लावलं, त्यावरून दोघांची वादावादी पण झाली म्हणतात, पण आवाजाला जो ताण आलाय ना तो त्यामुळेच. इथं रागापेक्षा भीती जास्त आहे. मागे अँडांटीज नावाच्या बायकांचा कोरस आहे, तो त्याच्या बाजूनं नाहीच मुळी, ज्या लोकांकडून त्याला ही बातमी कळली तेच मागे कुजबुजतायत असं मला दरवेळी वाटतं. माणूस एकटा पडलाय अगदी.

ग्लॅडिसचं गाणं अमेरिकेच्या पॉप चार्टवर दोन नंबरला पोचलं. मार्विनचं आधी नुसतं अल्बममध्ये होतं, रेडिओवाल्यांनी तेच उचलून वाजवायला घेतलं तेव्हा कंपनीला सिंगल काढणं भाग पडलं, आणि ते सात आठवडे एक नंबरला बसलं. ग्लॅडिसला याचं वाईट वाटलं असेल तर नवल नाही.

१९७० चं क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं ११ मिनिटांचं पण आहे, गिटारवाल्यांना आवडतं. मला विचाराल तर गोष्ट चार मिनिटांत संपते आणि पुढे नुसतं वाजवणं.

माझं मत मार्विनला, पण गाडीत सातारा–सांगली करताना मी ग्लॅडिस लावतो, झोप येत नाही.

प्रश्न : हीच जुनी सोल गाणी मोनो आणि स्टिरिओ दोन्हीत मिळतात, कुठली ऐकायची? महागडा हेडफोन घ्यावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो ते. मोटाउनची सिंगल्स त्या काळच्या कारमधल्या रेडिओवर दणकून वाजावीत अशीच मिक्स केलेली असायची, छोट्या स्पीकरवर लावून तपासायचे. त्या वेळच्या बऱ्याच स्टिरिओ मिक्समध्ये ड्रम एका कानात आणि गाणारा दुसऱ्या कानात असला प्रकार होतो, हेडफोनवर तर फारच खटकतं. तेव्हा हेडफोनचे पैसे वाचवा, घरात असेल तो स्पीकर चालतो.