पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी नव्या मशीनवर पुन्हा काढला तर चित्र खरंच सुधारतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांच्या पोटाची सीटी अँजिओग्राफी झाली, रिपोर्टात ‘रक्तवाहिन्यांत कॉन्ट्रास्ट पुरेसा भरलेला नाही, त्यामुळे तपासणीला मर्यादा’ असं लिहून आलं (कॉन्ट्रास्ट म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडतात ते औषध). आता ड्युअल एनर्जी मशीनवर तीच तपासणी पुन्हा करा, असा सल्ला मिळालाय. पण त्यांचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असू शकतं आणि या औषधाचा भार त्यावरच पडतो, म्हणून तुमचा पाय मागे येतोय. मी बारा वर्षं सीटीच्या कन्सोलवर काम करतोय, त्यातून जे कळलं ते सांगतो. पुन्हा करायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

नवी तारीख घेण्याआधी जिथे स्कॅन झाला तिथे फोन करा आणि विचारा, स्कॅन ड्युअल एनर्जी पद्धतीने घेतला होता का? तसा असेल तर कदाचित वडिलांना पुन्हा टेबलावर झोपवावंच लागणार नाही. का, ते खाली येईलच.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाऊन्सफिल्ड युनिट. पाणी 0, हवा उणे 1000. साधं रक्त 40 च्या आसपास, आणि शेजारचे स्नायूही जवळपास तेवढेच. म्हणजे कॉन्ट्रास्टशिवाय रक्तवाहिनी आजूबाजूच्या राखाडीतच मिसळून जाते. आयोडीन असलेलं औषध शिरेतून सोडलं की धमनीतला आकडा 250-300 च्या वर जातो आणि ती पांढरीशुभ्र उठून दिसते. पण हे काही सेकंदांपुरतंच. औषध लाटेसारखं येतं आणि पुढे निघून जातं. आमचं निम्मं कौशल्य ती लाट पकडण्यात आहे.

पडद्यावर हे असं दिसतं. महाधमनीवर मी एक छोटा गोल ठेवतो. इंजेक्टर सुरू होतो, सेकंदाला 4 ते 5 मिली या वेगाने औषध जातं, मागून सलाइनचा धक्का. काही सेकंदांनंतर अगदी कमी किरणांत एकाच जागेची चित्रं यायला लागतात आणि गोलातला आकडा हलतो. 41, 43, 42, काहीच नाही. मग 70, 115, आणि 150 ओलांडला की मशीनमधून आवाज येतो, ‘श्वास घ्या, रोखून धरा’. टेबल सरकतं आणि चार-पाच सेकंदांत सगळं पोट होऊन जातं.

चूक होते ती बहुतेक वेळा याच अर्ध्या मिनिटात. हातावरची शीर नाजूक म्हणून मनगटाजवळ निळी, म्हणजे 22 नंबरची सुई लावलेली असली तर तेवढा वेग बहुतेकदा देता येत नाही. कोपराच्या खळगीत हिरवी किंवा गुलाबी लागते. हृदयाचा जोर कमी असेल तर लाट उशिरा आणि पसरट येते. श्वास सुटला तर मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या कडा दुहेरी दिसतात.

आणि एक प्रकार असा, की मशीन जितकं वेगवान तितका तो जास्त होतो. महाधमनीला मोठा फुगा असलेले एक आजोबा आले होते. आकडा वेळेवर चढला, मी लगेच स्कॅन सोडला. फुग्यात रक्त घुटमळत होतं आणि टेबल मात्र त्याच्या पुढे पळालं. वरच्या फांद्या लख्ख, आणि कमरेखालच्या दोन्ही धमन्या काळ्या. पाहणाऱ्याला वाटावं, दोन्ही बंद आहेत. मला धडकी भरली. टेबलाची मांडणी तशीच ठेवून ताबडतोब दुसरा फेरा घेतला, तर दोन्ही व्यवस्थित भरलेल्या. दुसरा फेरा घेतला नसता तर रिपोर्ट कुठल्या कुठे गेला असता. तेव्हापासून फुगा असेल तर मी मुद्दाम थांबतो आणि टेबलाचा वेग कमी ठेवतो.

आता ड्युअल एनर्जी. आयोडीनची एक खासियत आहे: 33 केईव्ही (केईव्ही हे क्ष-किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) या ऊर्जेच्या थोडं वरच्या क्ष-किरणांना ते सगळ्यात जोरात अडवतं. 120 केव्हीला, म्हणजे क्ष-किरणांच्या नळीला तेवढा विजेचा दाब देऊन घेतलेल्या नेहमीच्या स्कॅनमध्ये किरणांचा मोठा भाग त्याहून बऱ्याच वरचा असतो. ड्युअल एनर्जीत दोन ऊर्जांची माहिती एकदम मिळते आणि नंतर संगणकावर ‘समजा सगळे किरण 50 केईव्हीचे असते तर’ असं चित्र तयार करता येतं. 40 केईव्हीच्या चित्रात आयोडीन 70 केईव्हीच्या मानाने दुपटीहून जास्त उजळतं. म्हणून वर म्हटलं, की तुमच्याकडचा स्कॅन तसा घेतलेला असेल आणि मूळ डेटा अजून जपलेला असेल, तर फिक्या आलेल्या धमन्या त्याच डेटातून वर काढता येतात. वडिलांना ना नवी सुई, ना औषधाचा आणखी एक डोस. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. पुन्हा करावाच लागला तरी या मशीनवर कमी आयोडीनमध्ये काम भागू शकतं, त्यामुळे तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यात तथ्य आहे.

पण धमनीत औषध पोचायच्या आतच स्कॅन झाला असेल तर कुठलंच मशीन ते उजळवू शकत नाही. शिवाय कमी केईव्हीला दाणेदारपणा वाढतो आणि भिंतीतलं कॅल्शियमही फुगून दिसतं, अरुंदपणा आहे त्याहून जास्त वाटतो. म्हणून चांगले रेडिओलॉजिस्ट नुसत्या झगमगीत चित्रावर जात नाहीत, वरच्या केईव्हीची चित्रंही उघडतात. दाणे कमी करायचा जुना मार्ग महाग पडतो: ते निम्मे करायला किरणांचा डोस चौपट लागतो. नव्या सॉफ्टवेअरने हे बरंच सावरलंय, पण त्याचा जोर फार लावला की चित्र मेणासारखं गुळगुळीत होतं आणि बारीक फांद्या पुसट होतात.

त्याही पुढची पायरी फोटॉन काउंटिंग सीटी. अमेरिकेत अशा पहिल्या मशीनला सप्टेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली. त्यात क्ष-किरणाचा आधी प्रकाश आणि मग वीज असा फेरा नाही, थेट विजेचा संकेत मिळतो, आणि 0.2 मिलिमीटर जाडीचे काप घेता येतात. आतड्याकडे जाणाऱ्या केसासारख्या फांद्या त्यात पाहिल्या की मन हरखून जातं. मात्र वडिलांचा प्रश्न मुख्य धमन्यांपुरता असेल तर त्यासाठी वाट पाहायची गरज नाही.

डॉक्टरांना नेमकं हे विचारा: जे नीट दिसलं नाही, त्यावर पुढचा उपचार अवलंबून आहे का? शंका धमनीची होती आणि फिकी आली आहे शीर, तर आहे तो स्कॅन पुरेसा ठरू शकतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर फिल्म नेऊ नका. सीडी मागा आणि तिच्यात 1 मिलिमीटरच्या आसपासचे बारीक काप आहेत याची खात्री करा. पुष्कळदा 5 मिलिमीटरचेच देतात.

पुन्हा करायचं ठरलं तर जुना रिपोर्ट आणि सीडी सोबत न्या आणि टेबलावर जायच्या आधी टेक्निशियनला सांगा की मागच्या वेळी कॉन्ट्रास्ट भरला नव्हता. हृदयाचा त्रास असेल तर तोही सांगा. नुसतं क्रिएटिनिन नको, ईजीएफआरचा, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय याचा आकडा द्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा. पोटात पांढरं दिसणारं औषध प्यायला देत असतील तर तपासणी रक्तवाहिन्यांची आहे हे आठवण करून द्या, इथे साधं पाणीच बरं. आणि घरी दोन दिवस वडिलांकडून मध्यम श्वास घेऊन दहा सेकंद रोखायचा सराव करून घ्या, हात डोक्याच्या वर ठेवून, कारण टेबलावर ते तसेच असणार आहेत.