सुविधांसाठी वेगळे पैसे मागणारी ई-स्कूटर परवडते का?

आपण विचारले आहे की, रोज भुसावळहून जळगावला ये-जा करण्यासाठी ई-स्कूटर घ्यायची आहे, परंतु शोरूममध्ये गाडीच्या किमतीखेरीज ‘पॅक’ (जादा सुविधांचा संच), ‘कनेक्ट’चे (गाडी मोबाईलशी जोडणाऱ्या सेवेचे) सबस्क्रिप्शन आणि बॅटरीचे भाडे असे वेगवेगळे आकडे सांगितले, तेव्हा ही गाडी सामान्य पगारदाराला परवडते का? मी याच रस्त्यावरून, पण उलट दिशेने, जळगावहून भुसावळला तीन वर्षे ई-स्कूटरने जात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी किमतीचे हे तुकडे का पडले ते पाहू. ई-वाहनांच्या खरेदीला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या फेम-२ योजनेत अनुदान हवे असेल तर दुचाकीची कारखान्यातील किंमत दीड लाखाच्या आत असणे बंधनकारक होते. त्यामुळे काही कंपन्या चार्जर आणि सॉफ्टवेअर यांचे बिल वेगळे लावू लागल्या. सरकारने आक्षेप घेतल्यावर 2023 मध्ये चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करण्याचे त्यांना मान्य करावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या प्रति किलोवॉट-तास 15,000 रुपयांवरून 10,000 वर आले आणि एप्रिल 2024 मध्ये 5,000 वर, तेही एका गाडीस जास्तीत जास्त 10,000 रुपये. अनुदान आटले तरी जाहिरातीतील किंमत लहान दिसली पाहिजे, म्हणून सुविधा गाडीतून काढून पॅकमध्ये घालण्याची रीत रुजली, असे माझे मत आहे. पडदा आणि जीपीएस गाडीत बसवलेले असतात, कुलूप फक्त सॉफ्टवेअरचे असते, ही गोष्ट मला आजही खटकते.

माझ्या गाडीची ‘कनेक्ट’ सेवा ठरावीक मुदतीपर्यंत मोफत होती. मुदत संपली आणि चार्जिंग किती झाले हे मोबाईलवर दिसणे एके सकाळी बंद पडले. आठवडाभर चुकल्यासारखे वाटले, मग अंगणात जाऊन गाडीच्या पडद्यावर पाहण्याची सवय लागली. पैसे मी अजून भरलेले नाहीत. नशिराबाद आणि साकेगाव ओलांडून जाणाऱ्या सरळ महामार्गावर नकाशा तरी कोणाला हवा? मात्र काही मॉडेलमध्ये जलद चार्जिंग किंवा वाढीव वॉरंटीही पॅकशी बांधलेली असते. तसे असेल तर तो पॅक शोभेचा समजू नये. गाडी विकल्यावर पॅक नव्या मालकाकडे जातो की नाही, हेही लेखी विचारून घ्यावे.

खरा हिशेब बॅटरीच्या भाड्याचा आहे. उदाहरणार्थ, जुलै 2025 मध्ये हीरो मोटोकॉर्पची विडा व्हीएक्स2 गो ही गाडी बॅटरीसह 99,490 रुपयांना आणि भाड्याच्या बॅटरीसह 59,490 रुपयांना जाहीर झाली, भाडे किलोमीटरला 96 पैसे. आपले जाणे-येणे दिवसाला 50 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस धरले तर 1,250 किलोमीटर, म्हणजे भाडे 1,200 रुपये. सुरुवातीला वाचलेले 40,000 रुपये सुमारे 33 महिन्यांत फिटतात आणि त्यापुढे भाडे महाग पडू लागते. घरची वीज वेगळी, ती महिन्याला चाळीसेक युनिट धरा. युनिटला दहा रुपये लावले तरी चारशेच्या आसपास. लिटरला 45 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी 28 लिटर लागतील, आणि लिटरचा दर शंभराच्या पुढे आहे. म्हणजे भाडे भरूनही बाराशे रुपयांच्या आसपास उरतात.

तरीही मी भाडे सरसकट नाकारणार नाही, आणि त्याचे कारण आपला मे महिना आहे. जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांवर जातो आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर थकते. ती आपली असेल तर वॉरंटीनंतरचा तोटा आपला, भाड्याची असेल तर करारानुसार तो बहुधा कंपनीचा. ‘बहुधा’ मुद्दाम लिहिले आहे, कारण क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हे करारातच पाहावे लागते. तसेच या गाडीच्या 2.2 किलोवॉट-तासांच्या बॅटरीची एका चार्जमधील प्रमाणित मर्यादा 92 किलोमीटर सांगितली आहे. महामार्गावर वेगाने गेल्यास ती बरीच घटते, त्यामुळे 50 किलोमीटरसाठी मी मोठी बॅटरीच घेईन.

आपण तीन वर्षांत गाडी बदलणार असाल तर भाडे चालेल, सहा-सात वर्षे वापरणार असाल तर कर्ज काढून का होईना बॅटरी विकत घ्या, आणि ‘कनेक्ट’ मोफत मुदतीनंतर बंद पडू द्या. भाड्याच्या योजनेत दरमहा किमान किलोमीटरची अट आहे का, तेवढे मात्र कोटेशनवरच लिहून मागा. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी अंगणात उभी असेल, तेव्हाही ते पैसे द्यावे लागू शकतात.