खोक्यातल्या हवेचं भाडं

प्रश्न : आम्ही कापडी लॅम्पशेड बनवून ऑनलाइन विकतो. शेडचा व्यास ३२ सेंटीमीटर, उंची २०. खोक्यासकट वजन जेमतेम ९०० ग्रॅम भरतं, तरी कुरियर कंपनी बिल १० किलोचं लावते. आमचं खोकं ४० × ४० × ३० सेंटीमीटरचं आहे. दरासाठी तीनदा बोललो, तेव्हा कुठे ५ टक्के सुटले. आता कंपनीच बदलावी का?

उत्तर : कंपनी बदलण्याआधी खोकं बदला. मी स्वतः बरीच वर्षं डिस्पॅचच्या टेबलावर काढली आहेत, आणि सुरुवातीला महिनोन्‌महिने दरावरूनच घासाघीस करत होतो. बिल काही हलत नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी मेजरटेप घेऊन गोदामात बसलो, एकेक पार्सल मोजलं, तेव्हा पैसा कुठे जातोय ते दिसलं.

विमानात काय, गाडीत काय, हलक्या मालाची जागा वजनाच्या आधी संपते. म्हणून काट्यावरचं वजन आणि व्हॉल्यूमेट्रिक वजन (म्हणजे खोक्याच्या आकारमानावरून काढलेलं) यांतलं जे जास्त, त्याचं भाडं लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरियर सेवांत ५००० ने भागायचं. काही सेवांत हा आकडा ४००० किंवा ६००० असतो, तुमच्या करारात कोणता आहे ते बघून घ्या. तुमचं खोकं ४८,००० घन सेंटीमीटरचं, म्हणजे ९.६ किलो. बिल अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांत, म्हणजे स्लॅबमध्ये, वरच्या टप्प्याचं लागतं, म्हणून ते १० होतं. कंपनीचा हिशेब बरोबर आहे. नऊ किलोंचं भाडं तुम्ही हवेसाठी भरताय.

शेडभोवती सगळीकडून दोन सेंटीमीटर जागा सोडली तर ३६ × ३६ × २४ चं खोकं पुरतं. ते ६.२२ किलोवर येतं, बिल लागेल ६.५ चं. एका झटक्यात ३५ टक्के वजन उतरलं. फ्यूएल सरचार्ज, म्हणजे इंधनाचा जादा आकार, बहुधा भाड्यावर टक्केवारीने लागतो, तोही त्याच प्रमाणात उतरतो.

मात्र खोकी मागवताना एक चूक सगळ्यांकडून होते. खोकंवाला माप सांगतो ते आतलं, कुरियरवाला मोजतो ते बाहेरचं. पाच-प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, पुठ्ठा घेतलात तर प्रत्येक मापात सेंटीमीटरभर सहज वाढतो. किलोच्या आतल्या मालाला चांगला तीन-प्लाय पुरे. दुसरं म्हणजे फुगवटा. पॅकिंग करणाऱ्याने काळजीपोटी कागद ठासून भरला की बाजू फुगतात आणि मोजणी सर्वांत फुगलेल्या जागी होते. तुमचं ३६ चं खोकं दोन्हीकडून ३८ झालं तर बिल ७ किलोचं. तो अर्धा किलो फक्त ठासलेल्या कागदाचा.

खोकं लहान केलं म्हणून मालाला धक्का बसता कामा नये. नवी खोकी छापायला टाकण्याआधी एक भरलेलं खोकं सुमारे ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा टाकून बघा: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहाही बाजूंवर. हलक्या पार्सलची ही रूढ चाचणी आहे. फुटलेल्या मालाचं जाण्याचं, परतीचं आणि पुन्हा पाठवण्याचं असं तिहेरी भाडं बसतं, त्यापुढे बचत कुठेच राहत नाही.

खरी गंमत शेडमध्येच आहे. वरची-खालची तारेची रिंग सुटी ठेवून कापड गुंडाळून पाठवता आलं तर ३६ × ३६ × ७ चं खोकं होतं. १.८१ किलो, बिल २ चं! जोडणी ग्राहकाला करावी लागेल आणि सगळ्यांना ते रुचणार नाही. म्हणून एकाच मॉडेलवर करून बघा, सोबत चित्रांसह जोडणीचा कागद द्या, आणि तक्रारी किती येतात ते मोजा. एका पत्त्यावर दोन शेड जात असतील आणि आकार निमुळता असेल, तर एकात एक बसवून एकाच खोक्यात घाला.

एवढं केल्यावर मग दराचं बोलायला बसा. तेव्हा हातात महिन्याची यादी हवी: किती पार्सलं, कोणत्या स्लॅबची, किती लांबची. 'आमचा माल भरपूर आहे' असं नुसतं सांगून माझं तरी कधी काम झालं नाही, यादी ठेवली की समोरचा कॅल्क्युलेटर काढतो. नुसती कंपनी बदललीत तर नवी कंपनीही तेच खोकं मोजणार आहे.

आणि निघणाऱ्या प्रत्येक पार्सलचा मेजरटेप लावलेला फोटो ठेवा, लेबल दिसेल असा. माझ्याकडे एकदा अख्ख्या महिन्याच्या मालाला वाढीव वजन लागलं होतं. फोटो होते त्या पार्सलांचे पैसे परत मिळाले, बाकीच्यांचे नाही. तक्रारीची मुदत करारात लिहिलेली असते आणि ती थोडीच असते, तेव्हा बिल आलं त्याच दिवशी तपासा.