अलाऊ कोणी दाबलं?

संगणकाच्या तक्रारींना उत्तरं देणारं हे पान. पत्र पाठवताना विंडोज कोणती आहे आणि त्रास साधारण कशानंतर सुरू झाला, एवढं जरूर लिहा. नुसतं ‘कॉम्प्युटर बिघडलाय’ असं आलं की मलाच उलटटपाली चौकशी करावी लागते. या खेपेला बहुतेकांची तक्रार एकच आहे: जाहिराती, आणि ‘व्हायरस शिरला’ म्हणून येणारे इशारे.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली दर दोन-चार मिनिटांनी चौकट उघडते. ‘तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली’, ‘पाच व्हायरस सापडले’, आणि मधूनच वजन घटवण्याचं चूर्ण. नातवाने पूर्ण स्कॅन केलं, काहीच सापडलं नाही. तरी चौकटी येतातच. अँटिव्हायरसचं नूतनीकरण करून टाकू का? (मिरज)

सर, पैसे भरू नका. नातवाला काही सापडलं नाही, कारण सापडण्यासारखं तिथे काही नाही. हा व्हायरस नव्हे, परवानगी आहे. फुकटात मॅच दाखवणारी किंवा जुन्या पुस्तकांची पीडीएफ देणारी एखादी साइट उघडली असणार. तिथे वर डाव्या बाजूला छोटी चौकट आली असेल, पानावर मोठ्या अक्षरांत ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं असेल, आणि घरातल्या कोणीतरी ते दाबलं. त्या क्षणापासून ती साइट बंद असली तरी तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू शकते. दारावरच्या विक्रेत्याला आपणच ‘कधीही ये’ म्हणून सांगावं आणि मग चोर शिरला म्हणून तिजोरी तपासत बसावं, तसं झालंय.

पुढच्या वेळी चौकट आली की घाईने फुली मारू नका. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. अँटिव्हायरसचं बोधचिन्ह भलंमोठं असेल, पण त्याच चौकटीत कुठेतरी ‘गूगल क्रोम’ असं लिहिलेलं दिसेल आणि शेजारी एखाद्या विचित्र साइटचा पत्ता. खरा अँटिव्हायरस क्रोमच्या नावाने बोलत नाही. तो स्वतःच्या नावाने बोलतो.

आता उपाय. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, तिथून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. खाली ‘परवानगी दिलेल्या’ साइट्सची यादी दिसेल. त्यातली जी ओळखीची नाही तिच्यापुढची टिंबं दाबून ‘ब्लॉक’ करा. नुसतं ‘रिमूव्ह’ केलं तर ती पुन्हा विचारायला येते. त्याच पानावर साइट्सना नोटिफिकेशनसाठी विचारूच न देण्याची सोय आहे, तीही निवडून टाका. बातम्यांच्या साइटचं नोटिफिकेशन आलं नाही म्हणून कोणाचं काही अडलेलं मी पाहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझर वापरत असाल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन्स’ टाइप करा, अशीच यादी मिळेल.

ही चौकट दाबली की कधी बनावट पानावर नेतात, तर कधी चक्क खऱ्या कंपनीच्या विक्रीच्या पानावर. मधल्या माणसाला विक्रीमागे दलाली मिळते, त्यासाठी ही सगळी भीती. म्हणून ‘पान तर खरं होतं’ हा पुरावा धरू नका. मुदत खरंच संपली का, हे अँटिव्हायरसचा प्रोग्रॅम स्वतः उघडून बघायचं.

एक गंमत सांगते. उडी मारून उघडणाऱ्या जाहिरातीच्या खिडकीचा सुरुवातीचा कोड लिहिणारा माणूस आहे ईथन झुकरमन. नव्वदच्या दशकात तो ट्रायपॉड नावाच्या कंपनीत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील विषयाच्या पानावर झळकली, कंपनी संतापली, म्हणून त्याने जाहिरातीला वेगळी खिडकीच दिली. ‘द अटलांटिक’ मासिकात २०१४ साली त्याने याबद्दल जाहीर माफी मागितली. २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून इंटरनेट एक्सप्लोररही अशा खिडक्या अडवू लागला, फायरफॉक्सही अडवतच होता. मग २०१५मध्ये क्रोमने साइट्सना नोटिफिकेशन पाठवायची सोय दिली आणि जाहिरातवाल्यांना नवं दार मिळालं. तुमच्याकडे आलेत ते या दाराने.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासू-सासरे इथे आले आहेत. आम्ही ऑफिसला गेलो असताना सासऱ्यांनी लॅपटॉपवर मराठी बातम्या वाचता वाचता कशावर तरी क्लिक केलं. पूर्ण पडदा निळा झाला, भोंगा वाजायला लागला, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असा आवाज येऊ लागला. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलायला लागल्यावर तर त्यांचा विश्वासच बसला. त्याने एक ॲप टाकायला लावलं, पडद्यावर लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि गिफ्ट कार्डं आणायला सांगितली. सासूबाईंनी मला फोन केला म्हणून पुढचं टळलं. आता लॅपटॉप वापरायचा का?

ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

लॅपटॉप आत्ता वायफायपासून तोडा. त्या माणसाने टाकायला लावलेलं ॲप बहुधा एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा त्याच जातीचं असेल. ही ॲप्स स्वतः वाईट नाहीत, मीही गिऱ्हाइकांची कामं दुरून त्यावरच करते. पण ज्याला आत घेतलं तो तुमच्या खुर्चीतच बसलेला असतो. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये जा, यादी तारखेने लावा आणि त्या दिवशी आलेलं सगळं काढा. दुरून चालवायचं दुसरं ॲपही मागे सोडलेलं असू शकतं, म्हणून पहिलं सापडल्यावर थांबू नका. मग विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते. पासवर्ड बदलायचे ते या लॅपटॉपवरून नको, फोनवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचे. त्या लॅपटॉपवर बँकेचं खातं उघडं होतं असं वाटलं, तर बँकेला आजच फोन करा आणि माझं मत विचाराल तर विंडोज नव्याने टाका.

‘लाल खुणांची यादी’ म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजच्या प्रत्येक मशीनमध्ये तो असतो आणि अगदी ठणठणीत मशीनमध्येही त्यात लाल-पिवळ्या खुणा असतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, असल्या नोंदी. या भामट्यांचं अर्धं भांडवल ही एक खिडकी आहे.

निळा पडदाही काही नव्हता, तो ब्राउझरमधलं एक पान होतं. सासऱ्यांना एवढंच शिकवा: एस्केपचं बटन दाबून धरायचं, पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम निवडून ‘एंड टास्क’. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटन दाबून धरून मशीन सरळ बंद करायचं. ‘बंद करू नका’ असं ते पान ओरडतं ते त्याच्या सोयीसाठी. पुन्हा क्रोम उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं, नाहीतर तेच पान परत येतं. आणि मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलेलं आहे की त्यांच्या एररच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की तिथेच ओळखायचं.

तक्रार एफटीसीकडे, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाकडे, आणि एफबीआयच्या आयसी३ या संकेतस्थळावर करता येते. पैसे गेले नसले तरी करा. भारतातल्या वाचकांसाठी नंबर १९३०, आणि संकेतस्थळ सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर करू नका. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

सासऱ्यांना टाकून बोलू नका. हिंदी ऐकून विश्वास बसला, यात नवल नाही. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथली मुलं अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बनून तिथल्या लोकांना धमकावत होती. इंग्रजीत बोलताना फसवणारा कधी कधी आपल्या शेजारच्या स्टेशनावर उतरणारा असतो, तर हिंदीत तो किती सहज बोलेल!

प्रश्न : आमचं दापोलीजवळ होमस्टे आहे. बुकिंगच्या कॉम्प्युटरवर गूगलमध्ये काही शोधलं की भलत्याच पानावर जातं आणि जाहिराती येतात. तालुक्याच्या दुकानात फॉरमॅट करून आणला, पैसे घेतले, जुने फोटोही गेले. घरी आणून ईमेल टाकला, संध्याकाळी पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क बदला.

हार्ड डिस्क बदलू नका. दुकानदाराने फॉरमॅट केलं आणि तुम्ही घरी येऊन स्वतःच्या हाताने तो त्रास परत आणलात, कळत नकळत. क्रोममध्ये ईमेलने साइन-इन केलं की सिंक सुरू होतो, म्हणजे खात्यात साठवलेलं सगळं मशीनवर उतरतं. बुकमार्क येतात, पासवर्ड येतात, तशी एक्स्टेन्शनही, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, येतात. तुमचा त्रास डिस्कवर नाही, खात्यात आहे.

क्रोमच्या तीन टिंबांतून एक्स्टेन्शन्सचं पान उघडा. पाहुण्यांची ओळखपत्रं पीडीएफ करायला, कूपन शोधायला, हवामान दाखवायला म्हणून घेतलेलं काहीतरी तिथे असेल. एकेकाच्या ‘डिटेल्स’मध्ये बघा. ‘सगळ्या साइटवरची तुमची माहिती वाचू आणि बदलू शकतो’ असा अधिकार पीडीएफ करणाऱ्याला कशाला हवा? काढून टाका. सिंक चालू असतानाच काढा, म्हणजे खात्यातूनही जाईल. मग सर्च इंजिनच्या सेटिंगमध्ये गूगल परत निवडा, आणि शेवटी क्रोमचं ‘रीसेट सेटिंग्ज’ करा. पासवर्ड आणि बुकमार्क त्याने जात नाहीत.

एक्स्टेन्शनचं काढण्याचं बटनच दबत नसेल आणि तीन टिंबांच्या यादीत तळाला ‘तुमच्या संस्थेद्वारे नियंत्रित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर प्रकरण थोडं पुढचं आहे. ऑफिसच्या मशीनवर ती ओळ रास्त. घरच्या मशीनवर ती कधी अँटिव्हायरसमुळे येते, कधी एखाद्या उपद्व्यापी प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, नियम घुसवल्यामुळे. अशा वेळी मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडव्क्लीनर हे सफाईचं साधन चालवा, फुकट आहे, छोटं आहे. फक्त ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. गूगलवर वरती ‘प्रायोजित’ लिहिलेल्या दुव्यावरून कुठलाच प्रोग्रॅम उतरवायचा नाही.

दुकानदाराला एक विचारा: विंडोज आणि ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ कशाने केलं? परवाना विकत न घेता विंडोज चालू करून देणाऱ्या फुकटच्या ॲक्टिव्हेटरसोबत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि दुकानदार ती निमूट पाळतात. मराठी टायपिंगच्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचंही तेच. गूगलचं विंडोजवरचं ऑफलाइन मराठी इनपुट कंपनीने कधीच मागे घेतलं, पण ते ‘डाउनलोड’ करायला देणाऱ्या साइट्स अजून आहेत. २०१९पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड येतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि त्यात तो निवडा, बाहेरचं काही लागत नाही.

प्रश्न : कॉलेजचा प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट केला. घरी आल्यावर पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. उघडले की काळी खिडकी येऊन जाते. सबमिशन सोमवारी आहे. (लातूर)

फाइली गेलेल्या नाहीत, लपवल्यात. शॉर्टकटवर परत क्लिक करू नकोस, क्लिक करणं म्हणजेच तो प्रोग्रॅम चालवणं. आणि तू एकदा उघडलं आहेस, म्हणजे आधी घरच्या मशीनचं पूर्ण स्कॅन. मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या फाइली दाखव, फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘संरक्षित सिस्टिम फाइली लपवा’ची खूण काढ. कधी कधी नाव नसलेल्या फोल्डरमध्ये सगळं कोंबलेलं असतं. फक्त आपले वर्ड, पीडीएफ आणि फोटो उचल, पेन ड्राइव्ह फॉरमॅट कर. पुढच्या वेळी दुकानात प्रोजेक्ट ईमेलने पाठव.

प्रश्न : अँटिव्हायरस विकत घ्यावा का? आमच्याकडे विंडोज १० आहे. (नाशिक)

विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरतो. विकतचा घ्यायचाच तर एकच घ्या, दोन एकत्र ठेवले की मशीन रांगतं. आपल्या पुण्याचा क्विक हील आहे. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या भावाने संजयने अँटिव्हायरस लिहिला, तिथून ती कंपनी उभी राहिली. आमच्या लाइनीत या गोष्टीचं कौतुक आहे. पण तुमची खरी अडचण दुसरी आहे. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. घरगुती ग्राहकांसाठी वर्षभराची वाढीव मुदत आहे, तिची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावर दिसते, ती करा. तोवर विंडोज ११ चालेल का ते तपासा. मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसेल तर ती रीतसर बसणार नाही, मग नुसत्या बँकेच्या आणि ईमेलच्या कामासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून बघायला हरकत नाही.

प्रश्न : माउसचा बाण आपोआप हलतो. कोणी आत शिरलंय का? (फोंडा)

टेबलावर काच आहे का? असली तर माउसखाली एक कोरा कागद ठेवा. तरीही हलला तर माउस काढून बघा. माउस काढल्यावरही हलत असेल, तर नेट बंद करा, दुरून चालवायचं एखादं ॲप कोणी टाकलंय का ते वर न्यू जर्सीच्या ताईंना सांगितलंय तसं तपासा, आणि मला लिहा.