डिजिटल सक्षमता म्हणजे काय, यावर विचारमंथनाचं सर्वेक्षण कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की एम.एड.च्या प्रबंधासाठी गूगल फॉर्म केलाय, डिजकॉम्पची, म्हणजे युरोपीय आयोगाच्या डिजिटल सक्षमतेच्या आराखड्याची, पाचही क्षेत्रं घेऊन दहा प्रश्न काढलेत, आणि आता नमुना किती घ्यावा ते विचारताय. नमुन्याचं नंतर बघू. आधी ते दहा प्रश्न काढून टाका. विचारमंथनाला एकच प्रश्न लागतो, आणि तोही अर्धवट सोडलेलं वाक्य असेल तर उत्तम.

एवढं ठासून सांगतेय कारण हीच चूक आमच्याकडे झाली होती आणि तिच्यावरून झालेला वाद माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

२०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी तेव्हा एका प्रशिक्षण संस्थेत होते. अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षकांसाठी डिजिटल प्रशिक्षण आखायचं होतं, आणि त्याआधी सक्षमता कशाला म्हणायचं ते त्यांनाच विचारायचं ठरलं. फॉर्म आमच्या विभागप्रमुख सरांनी केला. डिजकॉम्पची पाच शीर्षकं: माहिती, संवाद, आशयनिर्मिती, सुरक्षितता, अडचणी सोडवणं. प्रत्येकाखाली नमुन्याचं एक उत्तर, लोकांना अंदाज यावा म्हणून. आणि पहिलाच प्रश्न, 'डिजिटल सक्षमता म्हणजे काय?'

शिक्षकांनी व्याख्या पाठवल्या, त्याही शब्दन् शब्द सारख्या, कारण कुणीतरी एक शोधून ग्रुपवर टाकली होती. 'म्हणजे काय' असं विचारलं की आपल्याकडे माणूस दोन मार्कांचं उत्तर लिहितो. काहींनी आमचंच उदाहरण थोडं फिरवून परत दिलं. सेविकांचे बहुतेक रकाने रिकामे होते.

पुढच्या मासिक बैठकीला मी कागदाचे तुकडे घेऊन गेले. फळ्यावर अर्धंच वाक्य लिहिलं: 'मोबाइलच्या कामात अमुक बाई पक्की आहे असं मी म्हणते, कारण ती...' एका तुकड्यावर एकच गोष्ट लिहायची, नाव घालायचं नाही, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. न बोलण्याला आधार आहे. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी दाखवलं की एकत्र चर्चा करणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसं एकेकटी बसवली तर त्यांच्या कल्पना एकूण जास्त निघतात. आणि सुपरवायझर मॅडम पहिल्या रांगेत बसलेल्या असताना मोठ्याने कोण काय बोलणार?

तुकडे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. 'रेंज नसली तर वजनं वहीत लिहून ठेवते आणि टेकावर गेल्यावर भरते.' 'ओटीपी मागणाऱ्याचा फोन ठेवून देते, तो साहेब म्हणून बोलला तरी.' 'सासूच्या खात्यात पैसे आले का ते बघून देते, पण तिचा पिन लक्षात ठेवत नाही.' यातलं एकही वाक्य आमच्या फॉर्ममधून आलं नसतं.

आणि एक तुकडा असा: 'ॲप इंग्रजीत आहे. काय भरलं ते वाचता येत नाही तोवर ती ओके दाबत नाही.'

सरांनी तो बाजूला काढला. म्हणाले, ही तक्रार आहे, सक्षमता नाही. आम्ही तासभर भांडलो. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट आणि पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदी भरायचं सरकारी ॲप, इंग्रजीत, ही त्यांची गाऱ्हाणी सगळ्यांना माहीत होती. त्यामुळे इंग्रजी ॲपचा उल्लेख दिसला की तो आंदोलनाच्या खात्यात जायचा. माझं म्हणणं होतं, आणि आजही आहे, की न कळलेल्या माहितीवर सही न करणं ही या सगळ्या तुकड्यांतली सर्वांत वरची सक्षमता आहे. माहिती तपासून घेणं खुद्द डिजकॉम्पमध्येही आहे. सर म्हणाले, मग त्या शीर्षकाखाली टाकू. पण त्या बाईने ते त्या शीर्षकासाठी लिहिलंच नव्हतं! शेवटी ते वाक्य यादीत आलं नाही, आणि प्रशिक्षणात एक्सेल आलं.

म्हणून सांगते, शीर्षकं आधी देऊ नका. डिजकॉम्पसुद्धा असंच घडत गेलंय. २०१३ मध्ये पहिली आवृत्ती निघाली, पण त्याआधी ९५ तज्ज्ञांची मतं मागवली होती आणि त्यांतून १२ क्षेत्रं निघाली होती. म्हणजे पाच हा आकडा नंतर ठरला. आणि विचारलं होतं तज्ज्ञांना. तुम्ही ज्यांना विचारणार आहात ते वेगळे लोक आहेत.

पुढची रीत संशोधक विल्यम ट्रोकिम यांच्या १९८९ च्या संकल्पना-नकाशाच्या पद्धतीत मिळेल. वाक्यं जमवा, अगदी तीच असलेली एकत्र करा, शंभराच्या आत आणा. मग लोकांनाच चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावू द्या आणि गठ्ठ्यांना नावंही त्यांनाच देऊ द्या. अट एवढीच की सगळ्या चिठ्ठ्यांचा एकच गठ्ठा नको आणि प्रत्येक चिठ्ठी सुटीही नको. प्रत्येक वाक्य किती महत्त्वाचं वाटतं याचे एक ते पाच गुण, तेही तेव्हाच मागा. वाक्यं जमवताना गुण मागितलेत तर लोक हात आखडतात.

नमुना: इथे टक्केवारी काढायची नसते, त्यामुळे टक्केवारीच्या सर्वेक्षणांसाठी सांगतात तो चारशेचा आकडा गाठण्यात अर्थ नाही. नवीन वाक्यं यायची थांबली की थांबा. गठ्ठे लावायला दहा ते वीस माणसं पुरतात. मार्गदर्शक ऐकत नसतील तर हा दहा-वीसचा आकडा ट्रोकिम यांच्या नावावर सांगा.

एक मात्र मान्य करायला हवं. तुमचे निष्कर्ष दुसऱ्या देशाशी किंवा राज्याशी ताडून बघायचे असतील तर डिजकॉम्पच्या २१ सक्षमता सरळ घेणंच योग्य. मग त्याला विचारमंथन म्हणू नका. गूगल फॉर्मही चालेल, फक्त ज्यांना टाइप करायला जड जातं त्यांना बोलून पाठवायची सोय द्या. आणि सारखी वाक्यं एकत्र करण्यात सर माझ्यापेक्षा कितीतरी काटेकोर होते, ते काम एकट्याने करू नका.

प्रबंधाला वगळलेल्या वाक्यांचं एक परिशिष्ट जोडा आणि प्रत्येकासमोर वगळण्याचं कारण लिहा. तो ओके न दाबणाऱ्या बाईचा तुकडा माझ्याकडे अजून आहे. त्याच्यावर कुणीही कारण लिहिलेलं नाही.