वेंगुर्ल्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे. डेस्कटॉप असेंबल करून घेऊ की कंपनीचा?

तुम्ही लिहिलंय की घर किनाऱ्याजवळ आहे, होमस्टेचं बुकिंग आणि टॅली सांभाळायचं आहे, मुलगी सिव्हिल डिप्लोमाला असल्याने ऑटोकॅड (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) चालायला हवं, आणि मॉनिटर-यूपीएससकट ५५ हजारांच्या आत बसवायचंय. दुकानदार असेंबल करून देतो म्हणतो, भाऊ म्हणतो कंपनीचाच घे. एवढी माहिती धरून माझं मत असेंबल्डच्या, म्हणजे सुटे भाग निवडून दुकानात जोडून घेण्याच्या, बाजूने आहे. फक्त दुकानात तयार ठेवलेला सेट उचलू नका. एकेक भाग तुम्ही ठरवा, आणि मशीन कुडाळ किंवा सावंतवाडीच्या अशा दुकानातून घ्या जिथे बिघडलेलं कॅबिनेट स्कूटरवर पुढे ठेवून नेता येईल.

कारण साधं आहे. काँप्युटर सहसा सगळाच्या सगळा बिघडत नाही, त्यातला एखादा भाग जातो. आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी जातो तो एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा. असेंबल्ड मशीनमध्ये तो ठरलेल्या मापाचा असतो. मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीला) २४ पिनांचा जोड, प्रोसेसरला ४ किंवा ८ पिनांचा. कोणत्याही कंपनीचा डबा कोणत्याही बोर्डाला चालतो आणि तालुक्याच्या दुकानात त्याच दिवशी मिळतो. कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये तसं नसतं. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलांत डब्याचं माप वेगळं, जोडाच्या पिना कमी, आणि मदरबोर्डला फक्त १२ व्होल्ट मिळतील अशी रचना असते. हे वाईट नाही, विजेची बचतच होते. पण ऑगस्टमध्ये तो डबा उडाला की नेमका तोच पार्ट मुंबईहून किंवा घाट उतरून कोल्हापूरहून यायची वाट बघावी लागते. ऑनलाइन मिळणारी जोडणीची वायर लावून साधा एसएमपीएस बसवणारे भेटतात. तेवढ्यापुरतं चालतं, पण डबा त्या कॅबिनेटमध्ये मावत नाही आणि बाहेर लोंबत राहतो.

तुमच्या भावाचा मुद्दाही खोटा नाही. कंपनीच्या मशीनबरोबर विंडोजचं अधिकृत लायसन्स येतं आणि त्याची की मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते. वॉरंटीही अख्ख्या मशीनची एकच असते, त्यामुळे दोष रॅमचा की बोर्डाचा हा वाद होत नाही. कंपनीचा घ्यायचाच ठरला तर अगदी बारीक कॅबिनेटचा घेऊ नका, उभा टॉवर घ्या. शक्यतो व्यावसायिक मालिकेतला, आणि ३ वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचा. पैसे भरण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा: इथे माणूस घरी येतो, की मशीन आम्ही आणून द्यायचं? विक्रेत्याचं तोंडी आश्वासन धरू नका. आणि हे लक्षात असू द्या की वीज पडणं, जास्त व्होल्टेज, गंज आणि आत शिरलेले किडे-मुंग्या यांमुळे झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. आपल्याकडचे बरेच बिघाड याच चार कारणांचे असतात.

आता भाग कोणते घ्यायचे. प्रोसेसरवर फार डोकं खाऊ नका. इंटेलचा आय५-१२४०० (६ कोअर) किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी, दोन्ही टॅली आणि डिप्लोमाच्या ऑटोकॅडला भरपूर होतात. बजेट ताणलं गेलं तर आय३-१२१०० घ्या. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला स्वस्तातला प्रोसेसर घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं कार्ड घ्यावं लागेल. रॅम १६ जीबी, ८-८ च्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांनी त्याला वेग मिळतो. शिवाय उद्या मशीन सुरू झालं नाही तर एकेक पट्टी लावून दोष कुठे आहे ते घरीच तपासता येतं. साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क. रॅम आणि एसएसडीचे भाव फार हलतात, कोटेशन त्याच दिवसाचं घ्या.

एका सापळ्यापासून मात्र दूर राहा. ‘आय५, १६ जीबी, फक्त १५ हजार’ अशा जाहिरातींतल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा एच६१ चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. हा चिपसेट २०११ चा आहे. बोर्ड नवा कोरा छापलेला असला तरी त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराला ‘कितवी पिढी?’ एवढंच विचारा. इंटेलमध्ये आठव्या पिढीच्या खालचं काहीही नको.

खरा पैसा एसएमपीएसवर घाला. ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), निदान ५ वर्षं वॉरंटी. डब्यावरची पट्टी वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात ३५-३६ अँपिअर लिहिलं असेल तर तो खरा ४५० वॅटचा. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, आणि त्याच रकान्यात १५-१६ अँपिअर सापडतात, म्हणजे १९० वॅटच्या आसपास. तो हातात घेतला तरी हलका लागतो. त्याच पट्टीवर इनपुट १००-२४० व्होल्ट असं असायला हवं. असा डबा संध्याकाळी सगळ्या वाडीतले पंप सुरू होऊन व्होल्टेज १७० वर आलं तरी कुरकुर करत नाही, म्हणून वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. मागे ११५/२३० चं लाल बटण असलेला जुन्या पद्धतीचा डबा त्याच व्होल्टेजला मशीन बंद-चालू करत बसतो.

जास्त व्होल्टेजचं प्रकरण वेगळं. वादळात डीपीजवळ न्यूट्रल तुटला की घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि मग चांगला एसएमपीएसही जातो. त्यासाठी घराच्या विजेच्या मेन बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. वायरमन ते अर्ध्या तासात बसवतो, आणि फ्रिज-टीव्हीही वाचतात.

याहूनही आधी अर्थिंग बघा. घरोघरी तिसरी पिन नुसती दाखवण्यापुरती असते. चालू मशीनच्या कॅबिनेटला अनवाणी उभं राहून हात लागला की मुंग्या आल्यासारखी झिणझिण होते, ती याची खूण. एसएमपीएसमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून धातूच्या डब्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून येणारा गळका करंट अर्थच्या वायरने जमिनीत जावा अशी योजना आहे. अर्थ नसला की अख्खं कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण प्रिंटर किंवा पेनड्राइव्ह लावताना पोर्ट मारायला तो पुरतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि सॉकेटवर तीन आकडे घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ११०-१५० दाखवत असेल तर अर्थ तुटलेला आहे. तुमच्या नारळीच्या वाडीतली जमीन ओल धरते, त्यामुळे तिथे रॉड चांगला लागतो. वर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, जांभ्या खडकात दोन-तीन फुटांचा रॉड ठोकून काही होत नाही. एप्रिल-मेमध्ये तो खडक ठणठणीत कोरडा पडतो. तिथे खोल खड्डा, कोळसा-मीठ किंवा तयार भरावाची पूड, आणि उन्हाळ्यात आठवड्याला चार बादल्या पाणी.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरे. हे मशीन आणि २२ इंची मॉनिटर मिळून साध्या कामात साधारण १०० वॅटच्या आत राहतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं आरामात मिळतात. घेताना इनपुटची रेंज बघा, साधारण १४० ते ३०० व्होल्ट. रेंज अरुंद असली की रोज संध्याकाळी तो बॅटरीवर जातो आणि वर्षभरात बॅटरी बसते. दुकानात तुमचाच एसएमपीएस लावून, मशीन चालू असताना यूपीएसचा प्लग काढायला लावा; मशीन रिस्टार्ट झालं तर दुसरा यूपीएस मागा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम मोठा लोड घेतो.

आता खाऱ्या वाऱ्याबद्दल, कारण याचा विचार ना दुकानदार करतो ना कंपनी. वाऱ्याबरोबर येणारा मिठाचा बारीक कण बोर्डावर बसतो आणि उन्हाळाभर गप्प राहतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. मग त्या धुळीचा ओला, वीज वाहणारा थर होतो. यूएसबी पोर्टाच्या कडेला हिरवट भुकटी, स्क्रूच्या डोक्यावर तांबूस डाग, कॅबिनेटच्या कापलेल्या कडांना गंज दिसू लागला की आतही तेच चाललंय असं समजा. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मशीन रोज तासभर चालू ठेवणं. आतली ऊब ओल धरू देत नाही. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेलं मशीन रोज वापरातल्या मशीनपेक्षा लवकर जातं. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून उपयोग नाही. जाळीचं कॅबिनेट आहे ते, पुड्या दोन दिवसांत भरून जातात.

म्हणून कॅबिनेट घेताना रंगीत लाइट आणि काच बघू नका. पत्रा जाड, रंग आतूनही दिलेला, पुढच्या पंख्याला काढून धुता येईल अशी जाळी, एवढं बघा. पुढे दोन पंखे आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर सोडणारा ठेवला तर आतला दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ फटींतून न येता जाळीतूनच येते. जाळी पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून लावा. टेबल समुद्राकडच्या खिडकीसमोर नको, आणि कॅबिनेट जमिनीवर तर नकोच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात खालच्या मजल्यावरची मशीनं पाण्यात गेली. तुमच्याकडे नदी नसली तरी पडवीतून आत येणारी झड पुरते.

असेंबल करताना मागच्या बाजूला स्लॉटच्या पट्ट्या तोडून भोकं तशीच ठेवायची काही दुकानांची सवय असते. ती बंद करून घ्या, बोर्डाबरोबर आलेली पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट बसवलीय का तेही बघा. पाल आत शिरून बोर्डावर चिकटणं आणि मुंग्यांनी एसएमपीएसमध्ये अंडी घालणं, दोन्ही इथले नेहमीचे बिघाड आहेत.

बिल जीएसटीचं, आणि त्यावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर यांचे सिरीयल नंबर वेगवेगळे लिहिलेले हवेत. असेंबल्डची वॉरंटी भागागणिक असते आणि ती त्या नंबरावरच मिळते. सगळे रिकामे खोके मागून घ्या आणि माळ्यावर ठेवा. प्रोसेसर खोक्यातला सीलबंदच घ्या. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा थोडा स्वस्त असतो, पण त्याला इंटेलची ३ वर्षांची वॉरंटी मिळत नाही. विंडोजचे पैसे वेगळे धरा. दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणेल ती चोरीची कॉपी असते, आणि तुम्ही त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करणार आहात.

मशीन सुरू होत नसेल, नुसतीच बीप वाजत असेल, तर आपल्याकडे बऱ्याच वेळा रॅमच्या पट्टीवर ओलसर थर आलेला असतो. प्लग काढा, पट्टी काढा, सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर लावा. खोडरबराने घासायची पद्धत आहे, ती टाळा. सोन्याचा मुलामा आधीच पातळ असतो, दोन-चार वेळा घासला की खालचा धातू उघडा पडतो आणि मग दर पावसाळ्यात हेच चालू.

मे अखेरीस आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरात, विजा कडाडू लागल्या की स्विच बंद करून भागत नाही. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि राउटरकडून येणारी लॅनची (इंटरनेटची) वायरही काढा. तांब्याच्या टेलिफोन लाइनवरून किंवा डिशच्या केबलवरून आलेला झटका लॅन पोर्टातून थेट बोर्डात शिरतो. फायबरमध्ये हा धोका कमी, पण राउटरचा अडॅप्टर विजेलाच जोडलेला असतो.

पावसाळ्यात घर बंद करून आठवडा-दोन आठवडे बाहेर जाणार असाल तर सगळे प्लग काढा, कॅबिनेटवर सुती चादर टाका, प्लास्टिक नको, आतली ओल कोंडते. परत आल्यावर लगेच बटण दाबू नका. खिडक्या उघडून टेबलाकडे तोंड करून पंखा दोन तास लावा, मग मशीन सुरू करा.