दुसऱ्या समाजाच्या लढ्यात आपण जावं का, आणि जाऊन करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की शहरातल्या कंत्राटी सफाई कामगारांच्या धरण्याला जावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात ‘तुझा काय संबंध’ आणि तिथले लोक ‘हा कशाला आला’ म्हणतील अशी धास्ती आहे. माझं उत्तर: जा. मीही त्या समाजातली नाही, तरी बरीच वर्षं या कामगारांच्या संघटनेत अर्ज लिहिणं, पगाराच्या स्लिपा तपासणं, पीएफचा पाठपुरावा करणं ही कामं करते.

संबंधाचा प्रश्न पडला की मला महाड आठवतं. १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण बाबासाहेबांच्या नावाने ओळखतो आणि ते योग्यच आहे. त्यासाठी महाडात भरलेली अस्पृश्यांची परिषद उभी करायला आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले होते. पण त्यांच्यासोबत कोण होतं तेही बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसह सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले या सदस्यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, तरी महाडात त्याची अंमलबजावणी व्हायला हवी होती. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस पुढे परिषदेच्याही पाठीशी उभे राहिले. २० मार्चला परिषदेत आभार मानायला उठलेल्या अनंतराव चित्रे या सवर्ण कार्यकर्त्यानेच तळ्यावर जायचं सुचवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडात भरलेल्या दुसऱ्या परिषदेला सवर्णांपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधरपंत सहस्रबुद्ध्यांनी, जन्माने ब्राह्मण.

यातल्या प्रत्येकाने आपल्या हातात होतं ते पणाला लावलं. कुणी पद, कुणी जमीन, कुणी जातीतली पत. पुढारीपण मात्र मागितलं नाही. आणि मार्चमध्ये जेवत्या पंगतीवर लाठ्या पडल्या, त्या मुख्यतः तळ्यावर पाणी प्यायलेल्या माणसांवर. हा फरक कधी विसरू नका.

दुसरी बाजूही आहे. ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर महाडच्या लढ्याला पाठिंबा द्यायला तयार होते, पण चळवळीत ब्राह्मण नकोत अशी त्यांची अट होती. बाबासाहेबांनी ती साफ नाकारली. भांडण ब्राह्मण्याशी आहे, जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, ही त्यांची भूमिका. ‘हा कशाला आला’ असं कुणी म्हणालंच तर राग धरू नका. तशी शंका यायला त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची कारणं आहेत. चार महिने नेमाने येत राहिलात की ती शंका आपोआप मिटते.

रोजच्या कामात हे कसं दिसतं ते सांगते. ठेकेदाराने पीएफ भरला नाही म्हणून आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. अर्ज कामगार ताईंच्या नावाचा, पासबुक त्यांचं, पहाटे आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी, हजेरी लावणाऱ्या त्या. पण साहेब प्रत्येक प्रश्न माझ्याकडे बघून विचारत होते, कारण माझं आडनाव आणि माझी भाषा त्यांच्या ओळखीची. मी कागद ताईंपुढे सरकवला आणि गप्प बसले. ताईंनी कोणत्या महिन्यात किती कापले आणि किती भरले, ते तोंडपाठ सांगितलं. मग साहेबांना त्यांच्याशीच बोलावं लागलं. माझ्या आडनावाचा उपयोग तिथे एवढाच की दार उघडलं.

म्हणून धरण्याला गेलात तर पहिल्याच दिवशी माईक हातात घेऊ नका, फोटोत मधोमध उभे राहू नका. विचारा, ‘माझ्याकडून काय हवंय?’ बहुतेकदा उत्तर साधं असतं: झेरॉक्स, टायपिंग, वकिलाकडे सोबत येणं, गमबूट-हातमोजे मिळाले का याची यादी करणं. आणि घरी जेवताना कुणी त्या लोकांबद्दल वाकडं बोललं तर तिथे मात्र गप्प बसू नका. तिथे त्यांच्यातलं कुणी नसतं, तुम्हीच असता.

पगाराच्या तारखेनंतर एखाद्या सकाळी आरोग्य कोठीवर जा. ज्यांना हव्या असतील त्यांच्या स्लिपा वाचून द्या.